लॅकरमध्ये अडकलेला कापूस: एका निळ्या बोनेटचं प्रकरण

“पाहा भाऊ, हाताला रवा लागून राहिला.”

काका गाडीतून उतरले तेच बोनेटवरून हात फिरवत. मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि हिंगणा रोडवरच्या आमच्या रंगकामाच्या शेडचे पत्रे तेवढ्यातच तापायला लागले होते. गाडी गडद निळी, मेटॅलिक. पाच वर्षं वापरलेली, पण जपून वापरलेली. एप्रिलच्या मध्यावर पुढून ठोस लागली म्हणून काकांनी बोनेट आणि उजवं फेंडर रंगवून घेतलं होतं. रंगाची छटा बऱ्यापैकी जुळली होती, चमकही होती. पण तिरप्या उजेडात पाहिलं की बोनेटभर बारीक पुटकुळ्या, आणि फेंडरवर तर एका ठिकाणी घामोळं उठल्यासारखं दिसत होतं.

ज्यांनी रंगवलं त्यांनी “बफिंग मारून देतो, निघून जाईल” म्हणत दोनदा मशीन फिरवून दिली होती. दाणे तसेच राहिले, वर उन्हात दिसणारी गोल-गोल जाळी मात्र वाढली. गॅरेज कोणतं हे मी विचारलं नाही. मला गाडीचंच पाहायचं होतं.

बफिंगने हे दाणे का जात नाहीत, ते काकांना आधी समजावून सांगावं लागलं, कारण ते तिसऱ्यांदा बफिंग करून घ्यायलाच आले होते. बफिंगचा पॅड मऊ असतो. तो उंचवट्यावर चढतो, पलीकडे उतरतो, आणि दाण्याला घासतो तेवढंच भोवतालच्या जागेलाही घासतो. दाणा डोकं वर काढून तसाच उभा राहतो आणि आजूबाजूचा लॅकर झिजत जातो. दोनदा मशीन फिरली म्हणजे काकांच्या बोनेटवरचा थोडा लॅकर आधीच खर्च झाला होता. किती, ते मोजल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नव्हता.

लॅकर आपण सवयीने म्हणतो. आजच्या गाड्यांवर असतो तो घट्ट करणारा हार्डनर मिसळून मारलेला पॉलीयुरेथेनचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात, आणि त्यातला क्लिअर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाच्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आगेमागे जाड असतो. म्हणजे आपल्याला जे काही करायचं ते केसापेक्षा पातळ थरात करायचं आहे, आणि तोही संपूर्ण वापरायचा नाही. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो तो हाच थर. नागपूरच्या उन्हात क्लिअर नको तितका पातळ केला, तर आज गाडी आरशासारखी दिसेल, पण काही उन्हाळ्यांनंतर पांढरट पडेल आणि मग सालपटं सुटायला लागतील. मग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही.

म्हणून या कामाबद्दल माझं मत पक्कं आहे. क्लिअरमध्ये अडकलेला कचरा काढायचा म्हटलं तर तिथे खड्डा पडतो. आपण काढतो तो फक्त त्याच्या डोक्यावरचा उंचवटा. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश सरळ परततो आणि डोळ्याला काही खटकत नाही. कण आत राहतो, टाचणीच्या टोकापेक्षा लहान ठिपका म्हणून. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं नाही, तर काम कितीही चांगलं होवो, वितुष्ट येतंच.

पहिल्या दिवशी पाणीपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर, हातात घेतलाच नाही. गाडी धुतली, मग बोनेट आणि फेंडरवर क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखी मऊ वडी, फिरवला. वरवर चिकटलेलं जे असतं, म्हणजे झाडाचा चीक, दुसऱ्याच्या फवाऱ्याचा उडालेला रंग, लोखंडाची भुकटी, ते क्लेने निघतं. आत अडकलेलं निघत नाही. इथे क्ले फिरवूनही हाताला जवळजवळ तितकाच रवा लागला. म्हणजे सगळं आतलंच. नुसत्या बोटापेक्षा पातळ पॉलिथीनच्या पिशवीत हात घालून फिरवला तर बारीक दाणाही चटकन कळतो. हाताखालचा पोरगा हात फिरवत गेला आणि मी प्रत्येक दाण्याशेजारी मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावत गेलो. तासाभरात बोनेटवर ५३ आणि फेंडरवर ३१ तुकडे लागले.

मग जाडी मोजायचा गेज काढला. छतावर, जिथे कधी काही झालं नव्हतं, ११० ते ११६ मायक्रॉन. बोनेटवर मधल्या भागात १६८ ते १७५. फेंडरवर २४० च्या पुढे, आणि चाकाभोवतीच्या पुढच्या कमानीपाशी थेट ६२०. तिथे खाली पुट्टी होती हे उघड आहे. हा गेज पत्र्यावरची एकूण जाडी सांगतो, क्लिअर वेगळा मोजून देत नाही. त्यामुळे हिशेब डोक्यातच करावा लागतो. बोनेट ठोकलेलं नव्हतं, नुसतं ओरखडलेलं होतं, तेव्हा जुन्याच रंगावर पेपर मारून वर बेस, म्हणजे निळ्या रंगाचा थर, आणि क्लिअर मारला असणार. छत ११३ धरलं तर ५५ ते ६० मायक्रॉन वरून आले. पेपर मारताना जुन्यातले थोडे गेले असतील, नव्या बेसचे १५ धरू. म्हणजे नवा क्लिअर ४५ च्या घरात. त्यातून १० मायक्रॉनपेक्षा जास्त काढायचे नाहीत हे मी वहीत लिहून ठेवलं. आकडा लिहिलेला असला की हात आवरता येतो.

या कामात मी सगळ्यात जास्त वेळ भिंगाला देतो. इतवारीच्या सराफ्यात हिरे पाहायला वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आमच्याकडे आहे. ते दाण्यावर धरून, बाजूने टॉर्च मारायचा आणि मेटॅलिकचे चमकणारे कण पाहायचे. ते कण दाण्याच्या खालून, न हलता, सपाट गेलेले दिसले, तर कचरा क्लिअरमध्ये आहे. तेच कण दाण्याच्या पाठीवर चढलेले, त्याच्याभोवती वाकडेतिकडे उभे राहिलेले दिसले, तर कचरा बेसमध्ये किंवा बेसच्याही खाली आहे. हा फरक कळल्याशिवाय घासायला घेतलं, तर बेसमधल्या दाण्यावर क्लिअर संपून जाईल आणि उंचवटा तिथेच असेल. आणि मेटॅलिक बेसला पेपर लागला की त्यातले कण कापले जातात, तिथे काळपट डाग पडतो. नुसता क्लिअर पुन्हा मारून तो डाग झाकला जात नाही.

बोनेटवरचे दाणे बहुतेक सगळे क्लिअरमध्ये निघाले. पण ते एका जातीचे नव्हते. काचेपाशी, बोनेटच्या मागच्या कडेला, काळे कण जवळपास एका रेषेत बसले होते. हेडलाइटच्या वरही तशीच एक ओळ. रेषेत बसलेला कचरा आकाशातून पडत नाही. बोनेट बंद करून फवारलं की गनची हवा फटीत शिरते आणि तिथली वर्षानुवर्षांची माती उडवून ओल्या क्लिअरवर आणून टाकते. फटी आतून टेपने बंद केल्या असत्या तर हे १४-१५ दाणे आलेच नसते.

मधल्या भागातले वेगळे. तिथे भिंगाखाली पांढरे, रेशमासारखे, वळलेले तंतू दिसले. कपड्याचा धागा असा नसतो, तो पिळलेला आणि जाड असतो. हे इतके तलम होते की एक तर नुसती चमकणारी रेघ वाटत होती. मी काकांना विचारलं, “रंगवलं तिथे आसपास काटेसावरीचं झाड होतं का?”

काका क्षणभर पाहतच राहिले. “शेडच्या मागंच आहे नं! मोठ्ठी सावर. मी गाडी आणाले गेलो तर अंगणभर कापूस. तुम्हाले कसं समजलं?”

फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी लगडलेली सावर एप्रिल-मेमध्ये बोंडं फोडते आणि तो कापूस दुपारच्या गरम वाऱ्यावर कुठेही जातो. सेमिनरी हिल्सच्या रस्त्याने त्या दिवसांत गेलं की डांबराच्या कडेला पांढरा थर साचलेला दिसतो. झाड मला फार आवडतं. पण त्याचा तंतू इतका हलका की उघड्या शेडमध्ये त्याला अडवणारं काही नाही, आणि आतून तो पोकळ असतो. पोकळ असणं पुढे त्रासदायक ठरलं.

फेंडरवरच्या घामोळ्याचं कारण तिसरंच. तिथे २२ दाण्यांवर मेटॅलिकचे कण चढलेले दिसले, म्हणजे कचरा बेसखाली. सगळे कमानीच्या पुढच्या हातभर पट्ट्यात, जिथे पुट्टी होती नेमकं तिथेच. पुट्टीवर सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारून तो घासला की राखाडी पीठ उडतं. ते हवेने झटकलं नाही, धूळ टिपणारा चिकट टॅक क्लॉथ फिरवला नाही, आणि लगेच बेस मारला, की पीठ बेसखाली गोळ्या धरून बसतं. बोनेटवर सरफेसर नव्हता, म्हणून तिथे हे घामोळं नाही. कचरा कुठे बसलाय ते पाहिलं की तो कुठून आला ते बऱ्याचदा कळतं, आणि तो कुठून आला ते कळलं की पुढच्या वेळी काय करायचं तेही ठरतं.

दुपारी काकांना कट्ट्यावर बसवून सगळं सांगितलं. बोनेट वाचेल, पेपर आणि पॉलिशवर होईल. काही ठिपके आत राहतील, हातभर अंतरावरून दिसणार नाहीत, बोटाला लागणार नाहीत. बोनेटच्या उजव्या घडीवर, म्हणजे पत्र्याला जी धारदार वाक दिलेली असते तिच्यावर, दोन दाणे आहेत; त्यांना मी हात लावणार नाही. फेंडर मात्र वाचत नाही, ते पुन्हा रंगवावं लागेल.

“त्या दोघांले काऊन सोडता?” काकांनी विचारलं.

“काका, घडीवर ओला रंग टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो. मधे ४५ असेल तर तिथे किती असेल त्याचा भरवसा नाही. पेपरही नेमका तिथेच सगळ्यात जोरात लागतो. ते दोन दाणे घालवायला गेलो आणि खालचा निळा उघडा पडला, तर अख्खं बोनेट रंगवावं लागेल.”

त्यांनी मान हलवली. बोनेटचे २,२०० आणि फेंडरचे ४,००० ठरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला सुरुवात केली. मे महिन्यात या कामाला दुसरी वेळ नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या गडद पत्र्यावर दुपारी हात ठेववत नाही. तापलेला क्लिअर मऊ लागतो, पाणी क्षणात उडतं आणि पेपर धरून बसतो. २००० नंबरचा पाणीपेपर आदल्या रात्रीच भिजत घातला होता. बादलीत शॅम्पूचे दोन थेंब. आधी बोनेटच्या कडेला, सहसा कुणी पाहत नाही अशा जागी, नख दाबून पाहिलं. खूण उमटली नाही. रंग मारून चार आठवडे झाले होते आणि हवा नागपूरच्या एप्रिल-मेची, क्लिअर चांगला पिकला होता. तो कच्चा असता तर पेपरवर गोळ्या झाल्या असत्या आणि दाणा कापला न जाता उपटून आला असता.

उंच दाणे होते ते आधी ब्लेडने उतरवले. नवं ब्लेड घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपचा एक-एक पदर गुंडाळायचा. टेपमुळे ब्लेडची धार पृष्ठभागापासून किंचित वर राहते आणि मधोमध फक्त दाण्याचं डोकं सापडतं. ब्लेड उभं धरून, अंगाकडे, खरवडल्यासारखं ओढायचं. कापायचं नाही. तीन-चार हलक्या ओढींत डोकं टेपच्या उंचीपर्यंत येतं. उरलेलं पेपरने.

पेपर बोटाखाली धरून मी कधीच घासत नाही. बोट मऊ असतं, त्याने पन्हळ पडते. इंचभर रुंदीचा कडक रबरी ठोकळा, त्यावर पेपर, वरून बाटलीने पाणी, आणि नुसत्या ठोकळ्याच्या वजनाएवढा दाब. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत दाण्याच्या माथ्यावर एक मंद गोल ठिपका उठतो. आजूबाजूची जागा अजून चमकतच असते, कारण तिथे पेपर पोहोचलेलाच नसतो. ठिपका वाढत जातो. त्याची कड भोवतालच्या मंदपणात मिसळली की उंचवटा गेला. तिथे थांबायचं. सपाट झाल्यावर “अजून दोन हात” मारण्याचा मोह मीही अनुभवला आहे, आणि क्लिअरचं नुकसान त्या दोन हातांतच होतं.

पाण्याच्या रंगावर नजर हवी. क्लिअर घासला जातो तोवर पाणी दुधाळ, पांढरट येतं. त्यात निळी झाक दिसली की बेस लागला, सगळं संपलं. त्या सकाळी पोरगा दर दाण्यानंतर पांढऱ्या फडक्याने पाणी पुसून मला दाखवत होता. ५१ फडकी पांढरी.

बोनेटवर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणाही होता. तो सगळा सपाट करायचा का, असं पोराने विचारलं. मी नाही म्हटलं. साल उतरवायची म्हणजे अख्ख्या बोनेटवर पेपर, आणि कंपनीच्या दरवाजांवरही तशीच थोडी साल असतेच. एक पत्रा आरशासारखा आणि शेजारचा सालीचा, हे डोळ्याला जास्त खटकतं. दाणे जिथे होते तेवढ्याच जागा २००० ने, मग त्यांच्याभोवती थोडं पसरून ३००० च्या फोम डिस्कने.

सावरीचे चार तंतू होते तिथे घोटाळा झाला. माथा कापला गेला तशी आतली पोकळ नळी उघडी पडली आणि केसासारखी बारीक चीर उरली. चीर काढायला अजून घासावं, तर ती तंतूच्या लांबीभर खोल होती. कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या पेस्टने, भरल्यासारखी वाटते, पण पहिल्या धुण्यात पांढरी होऊन वर येते. तिथे काम थांबवलं. त्या चिरांत क्लिअरचा थेंब भरायचा, आणि ताजा क्लिअर दुसऱ्या दिवशी फेंडरसाठी कालवायचाच होता. म्हणून बोनेट मुद्दाम मंदच ठेवलं. कंपाउंडचं तेल चिरेत शिरलं असतं तर थेंब धरलाच नसता.

फेंडरवरचा क्लिअर आणि बेस घासून सरफेसरपर्यंत आलो. ८०० चा शेवटचा हात. नंतर पाऊण तास फक्त साफसफाईत गेला. हवेने फटी झटकल्या, फेंडर आणि दरवाजामधली फट आतून टेपने बंद केली, चाकाच्या कमानीत ओला गोणपाट लावला. मास्किंगला वर्तमानपत्र वापरलं नाही. त्याच्या कापलेल्या कडेतून सुटणारा तंतू मी बोनेटवरच्या तंतूंइतकाच पाहिलेला आहे. शेडमध्ये जमिनीवर पाणी मारलं. कंप्रेसरच्या टाकीखालचा नळ सोडून साचलेलं पाणी काढलं.

निळ्या मेटॅलिकची शेड जुळवायला कार्डावर तीनदा फवारून पाहावं लागलं. पहिली हिरवट, दुसरी उन्हात बरोबर पण सावलीत काळी. तिसरी दोन्हीकडे बसली. दरवाजावरचा रंग कंपनीचा, कधी न छेडलेला होता, आणि त्यावर नवा रंग चढवू नये असं काकांनाही वाटत होतं, मलाही. म्हणून शेडवरच जास्त वेळ दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला बेस. मग टॅक क्लॉथ, अगदी अलगद. दाबून पुसला तर त्यातलं राळेसारखं चिकट द्रव्य उतरतं आणि वेगळंच दुखणं होतं. क्लिअर १२५ मायक्रॉनच्या कागदी गाळणीतून गाळून घेतला, हार्डनर उन्हाळ्याचा, सावकाश सुकणारा. सावकाश सुकणाऱ्यावर धूळ पडायला वेळ जास्त मिळतो, हे खरं. पण ४३-४४ अंशांच्या दिवसांत झटपट हार्डनर मारला तर क्लिअर पसरायच्या आतच आकसतो आणि साल पडते. मी धूळ आवरायचं पत्करतो.

अंगावर नायलॉनचा सूट, तोंडावर दोन डब्यांचा मास्क. हे लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे अजून कितीतरी पेंटर नाकाला रुमाल बांधून हार्डनरचा क्लिअर मारतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते छातीत गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा अंगाला त्याचं वावडं झालं की थोड्याशा वासानेही त्रास सुरू होतो. रुमालाने ते अडत नाही.

पहिला हात छान बसला. दुसरा हात मारायच्या आधी दहा मिनिटं थांबलो होतो, तेवढ्यात कमानीच्या वर एक तंतू येऊन पडलेला दिसला. अर्धा इंच, वाकडा. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो “सावर”. टोकदार चिमट्याने एक टोक धरून सरळ वर उचलला. आडवा ओढला असता तर क्लिअरमध्ये नांगर चालला असता. ओल्यातच निघाला, खाली नुसती एक फिकट रेघ उरली, आणि दुसऱ्या हाताने ती भरून आली.

चिमट्यातला तंतू फेकायच्या आधी भिंगाखाली धरला. पांढरा नव्हता. तपकिरी, जाड, मधेमधे गाठी. सावरीचा असणं शक्य नव्हतं. शेडच्या मागच्या खोलीत कूलर चालू होता, दार लोटलेलं होतं, पण पूर्ण बंद नव्हतं. त्याच्या खसच्या ताट्या गेल्या वर्षीच्या, वाळून कुरकुरीत झालेल्या. तंतू तिथलाच. दुसऱ्याच्या शेडमागच्या झाडापर्यंत माझी नजर गेली होती आणि माझ्या स्वतःच्या कूलरपर्यंत गेली नव्हती. पोराने तिथल्या तिथे कूलर बंद केला. आता फवारणीच्या आदल्या रात्रीपासून तो बंद राहतो आणि त्या दाराला ओलं पोतं लावतो. मे महिन्यात हे सोपं नाही. पण सहाला सुरू करून साडेसातला गन धुऊन ठेवली तर निभतं.

गनमध्ये उरलेला क्लिअर लगेच बोनेटकडे. चारही चिरा ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसल्या, टूथपिकच्या टोकाने एक-एक थेंब चिरेत सोडला. थेंब सुकताना आकसतो, म्हणून तासाभराने, मिश्रण घट्ट व्हायच्या आत, दुसरा थेंब वर दिला. थोडा वर आलेला राहू दिला. तो नंतर उतरवता येतो, कमी पडला तर पुन्हा सगळं करावं लागतं.

आठवडाभर गाडी शेडमध्ये उभी ठेवली. काकांचा रोज फोन. त्यांचं बरोबर होतं, गाडीशिवाय त्यांना बहिणीकडे कामठीला जायला त्रास होत होता. पण थेंब जाड असतो आणि आतपर्यंत पिकायला वेळ घेतो. घाई करून कच्च्यावर पेपर मारला तर तो नंतर खाली बसतो आणि चीर परत दिसते.

आठव्या दिवशी पुन्हा सहाला. थेंब ब्लेडने, मग २००० ने, मग ३००० ने सपाट. तीन चिरा पूर्ण गेल्या. चौथीच्या जागी टॉर्च धरला तर एक पुसट रेघ दिसते. पुन्हा भरायचा विचार केला आणि सोडून दिला. फेंडरवर नवे दाणे मोजले: चार. चारही क्लिअरच्या वरच्या पदरात. ते दहा मिनिटांत उतरले. बंदिस्त खोली नसलेल्या शेडमध्ये मे महिन्यात चार दाण्यांवर मी समाधानी आहे.

मग कडा आणि घडी टेपने झाकून कंपाउंड, लोकरीच्या पॅडने, मशीन कमी वेगावर. पत्रा हाताला कोमट लागला की थांबायचं. त्यानंतर फोमवर बारीक पॉलिश. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपूर्ण पुसलं. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखडे झाकून ठेवतं आणि दोन धुण्यांनंतर ते गिऱ्हाइकाला दिसतात. पुसल्यावर दोन जागी ३००० च्या खुणा उरलेल्या सापडल्या, तिथे पुन्हा हात मारला. गेज लावला. जिथे १७२ होते तिथे १६५. सगळ्यात कमी आलं ते १६१, काचेजवळ, जिथे काळी ओळ होती. तिथले आधीचे १६९. आठ मायक्रॉन. वहीतल्या दहाच्या आत.

संध्याकाळी पाचला काका आले. ऊन उतरतं तेव्हा सगळे दोष दिसतात, म्हणून मी त्यांना मुद्दाम त्याच वेळी बोलावलं होतं. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी केली. काकांनी चष्मा पुसला, आधी फेंडर पाहिलं, वाकून कमानीखालीही पाहिलं. मग आले तसेच, बोनेटवरून हात फिरवत निघाले, काचेपासून पुढे, सावकाश. उजव्या घडीपाशी हात थांबला.

“हे तेच दोन नं?”

“हो काका. तेच.”

बोट त्या दोन दाण्यांवरून एकदा पुढे, एकदा मागे गेलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली.